अपात्रतेविरुद्ध दाद : उपसंपदेपासून लोकसेवेपर्यंत

शासकीय सेवेच्या दाराशी उमेदवाराची दोनदा तपासणी होते. एकदा त्याच्या कागदपत्रांची आणि एकदा त्याच्या देहाची. लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही जातीच्या दाखल्यावर, वयाच्या नोंदीवर किंवा वैद्यकीय मंडळाच्या एका शेऱ्यावर नियुक्ती अडते, हा अनुभव आपल्या समाजातील अनेक कुटुंबांना परिचित आहे. अशा वेळी पुष्कळांची समजूत अशी होते की, अपात्र ठरणे हा नशिबाचा भाग असून त्यावर इलाज नाही. ही समजूत इतिहासाला धरून नाही. पात्रतेचे नियम माणसांनीच केलेले असतात. म्हणून ते तपासता येतात, बदलता येतात आणि त्यांच्या चुकीच्या वापराविरुद्ध दादही मागता येते.

कोणत्याही तपासणीतील न्याय चार गोष्टींवरून ओळखावा. उमेदवाराला काय विचारले जाते. ते त्याला आधी सांगितले जाते काय. नकाराचे कारण उघडपणे मांडले जाते काय. आणि झालेली चूक दुरुस्त करण्याची वाट ठेवलेली असते काय. या कसोट्या केवळ आधुनिक कायद्याची देणगी आहेत असे सामान्यतः मानले जाते. परंतु त्यांची बीजे विनयपिटकात स्पष्टपणे दिसतात. प्रस्तुत लेखात या चार कसोट्यांच्या आधारे प्राचीन संघाच्या व आधुनिक शासनाच्या दाराचा इतिहास पाहावयाचा आहे. संघ म्हणजे राज्य नव्हे आणि उपसंपदा म्हणजे नोकरी नव्हे, हे उघड आहे. तरीही प्रवेश देणारी संस्था आणि प्रवेश मागणारा माणूस यांचे नाते दोन्हीकडे सारखेच असते.

उपसंपदेपूर्वीचे प्रश्न

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आला आहे. मगध देशात कुष्ठ, गंड, किलास, शोष म्हणजे क्षय, आणि अपस्मार असे पाच रोग पसरले होते. रोगी लोक राजवैद्य जीवकाकडे गेले. जीवकाकडे राजा बिंबिसार, त्याचे अंतःपुर आणि बुद्धप्रमुख भिक्षुसंघ यांच्या शुश्रूषेचा भार असल्यामुळे त्याने त्यांना नकार दिला. तेव्हा त्यांपैकी अनेकांनी उपचारासाठीच प्रव्रज्या घेतली. रोग्यांचे अन्न व औषध मागता मागता भिक्षू थकून गेले आणि जीवकाच्या हातून राजसेवेत उणीव राहू लागली. एक मनुष्य तर बरा होताच चीवर टाकून घरी परतला. जीवकाने ही हकीकत तथागतांना निवेदन केली आणि या पाच रोगांनी ग्रस्त असलेल्यांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला.

आजच्या वाचकाला हा नियम कठोर वाटेल आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे समर्थन करण्याची आवश्यकता नाही. इतिहासाच्या दृष्टीने लक्षात घ्यावयाचे ते असे की, हा नियम पूर्वजन्मीच्या पापावर किंवा रोग्याच्या अशुद्धतेवर आधारलेला नाही. त्याचे कारण व्यावहारिक आहे आणि ते कारण नियमाबरोबरच नोंदवून ठेवले आहे. ज्या नियमाचे कारण लिहिलेले असते, त्याचे कारण संपल्यावर त्याचा फेरविचार करता येतो. ज्याचे कारण लपविलेले असते, तो मात्र रूढी बनतो.

पुढे उपसंपदेच्या वेळी विचारावयाचे प्रश्न ठरविण्यात आले. हे पाच रोग आहेत काय? तू मनुष्य आहेस ना, पुरुष आहेस ना? तू दास नाहीस, स्वतंत्र आहेस ना? ऋणमुक्त आहेस ना? राजसेवेत नाहीस ना? आईवडिलांची अनुमती आहे काय? वीस वर्षे पूर्ण झाली काय? पात्र व चीवर पूर्ण आहे काय? तुझे नाव काय व उपाध्यायांचे नाव काय? या सर्व यादीत जातीचा प्रश्न नाही. न्हावी उपालीला शाक्य कुमारांच्या आधी प्रव्रज्या मिळाली, ती शाक्यांचा अभिमान उतरावा म्हणूनच. ज्या समाजात पहिला प्रश्न कुळाचा असे, तेथे तो प्रश्नच वगळणे ही लहान गोष्ट नव्हती.

याहून महत्त्वाचा तपशील पुढे आहे. भरसंघात हे प्रश्न एकदम विचारले असता उमेदवार गोंधळत, संकोचत आणि त्यांना उत्तर देता येत नसे. तेव्हा तथागतांनी अनुज्ञा दिली की, आधी उमेदवाराला समजावून द्यावे आणि मगच प्रश्न विचारावेत. संघासमोर समजावून दिल्यानेही संकोच जाईना, म्हणून त्याला एका बाजूला नेऊन समजावून द्यावे असे ठरले. हे काम कोणीही करावयाचे नाही. जाणत्या व समर्थ भिक्षूची त्यासाठी निवड करावयाची. त्याने उमेदवाराला सांगावयाचे की, ही सत्य बोलण्याची वेळ आहे. जे असेल ते आहे म्हण आणि जे नसेल ते नाही म्हण. यालाच अनुशासना म्हणतात. स्त्रियांच्या बाबतीत आणखी काळजी घेतली गेली. शरीरविषयक प्रश्नांना भिक्षूंसमोर उत्तरे देताना त्यांना संकोच होई, म्हणून ही पृच्छा प्रथम भिक्षुणीसंघात व्हावी असे ठरले. शारीरिक तपासणीत उमेदवाराची अप्रतिष्ठा होऊ नये, हा विचार तेथे स्पष्ट आहे.

त्यानंतर ठराव मांडला जाई व तीनदा घोषणा होई. ज्याचा आक्षेप असेल त्याने तेथेच बोलावयाचे. मौन ही संमती. मागाहून गुपचूप लिहिलेल्या प्रतिकूल शेऱ्याला या पद्धतीत स्थान नव्हते.

वयाची शंका आणि दोषाचा भार

पात्रतेविषयी शंका तेव्हाही निघत. कुमारकस्सपांना गर्भधारणेपासून मोजून वीस वर्षे झाली असता उपसंपदा मिळाली होती. नियम वीस वर्षांचा असल्याने आपली उपसंपदा वैध आहे की नाही, अशी शंका त्यांना आली. तथागतांनी निर्णय दिला की, गर्भधारणेपासून वीस वर्षे मोजून उपसंपदा देता येते. म्हणजे नियम कायम राहिला, परंतु त्याचा अर्थ पात्र व्यक्तीला बाहेर ढकलण्यासाठी लावला गेला नाही.

दुसरे उदाहरण अपंगत्वाचे आहे. हात किंवा पाय तुटलेल्या, अंध, बधिर अशा अनेकांना प्रव्रज्या देऊ नये असे महावग्गात एके ठिकाणी म्हटले आहे. हीही त्या काळाची मर्यादाच होय. परंतु त्याच ग्रंथाच्या चंपेय्यक्खंधकात असेही सांगितले आहे की, अशा व्यक्तीला संघाने प्रवेश दिलाच तर तो प्रवेश वैध ठरतो. नियम मोडल्याचा दोष प्रवेश देणाऱ्यांवर येतो. प्रवेश घेणाऱ्याचे भिक्षुत्व त्यामुळे नष्ट होत नाही. तपासणाऱ्याच्या चुकीची शिक्षा तपासल्या गेलेल्याला देऊ नये, हे तत्त्व आजही अनेक कार्यालयांना शिकण्यासारखे आहे.

राजसत्तेच्या क्षेत्रात हाच विचार सम्राट अशोकांच्या लेखांत दिसतो. चौथ्या स्तंभलेखात रज्जुक नावाच्या अधिकाऱ्यांना व्यवहारसमता आणि दंडसमता पाळण्याची आज्ञा आहे. मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत देण्यात आली, ती त्यांच्या नातलगांना दाद मागता यावी म्हणून. धौली व जौगड येथील कलिंगलेखांत ईर्ष्या, क्रोध, निष्ठुरता, उतावीळपणा, आळस व थकवा हे अधिकाऱ्यांचे दोष सांगितले आहेत. पात्रता केवळ प्रजेची पाहावयाची नसते, तपासणाऱ्या अधिकाऱ्याचीही पाहावयाची असते, असा याचा अर्थ होतो.

न तपासताच अपात्र

या पार्श्वभूमीवर ब्रिटिश राजवटीतील एका घटनेकडे पाहावे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत ज्यांनी प्राण दिले त्यांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत आणि त्यांत नाक या प्रत्ययाने संपणारी महारांची नावे अनेक आहेत. असे असूनही १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. लष्करप्रमुख लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात बळावलेला लढाऊ जमातींचा सिद्धांत हे त्याचे मुख्य कारण होते. कोणा तरुणाची उंची, छाती किंवा दृष्टी मोजून त्याला नाकारले असते तर ती तपासणी तरी झाली असती. येथे संपूर्ण समाज मोजमापाशिवाय अपात्र ठरला. याचा परिणाम केवळ पगारावर झाला नाही. लष्करी छावणीतील शाळांतून अस्पृश्यांच्या मुलामुलींना जे शिक्षण मिळत होते, त्याचेही दार मिटले.

या निर्णयाविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली लष्करप्रमुखांकडे विनंतीअर्ज केला. ते स्वतः लष्करातील निवृत्त हवालदार होते. महार हे मूळचे क्षत्रिय आहेत, असा युक्तिवाद त्यांनी मांडला. तत्कालीन शासनाला जी भाषा कळत होती त्या भाषेत तो युक्तिवाद होता. त्याचे मोल त्यातील वंशविचारात नसून शासनाकडे कारण मागण्याच्या धैर्यात आहे. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी ही परंपरा चालविली. त्यांच्या पुढाकाराने १९१० साली दख्खनच्या महारांचा अर्ज थेट भारतमंत्र्यांकडे गेला. सरकारी नोकरीतील खालच्या जागा, पोलीस शिपायाची जागा आणि सैनिकाची जागा एवढीच त्यातील मागणी होती. मागणी लहान दिसते. परंतु अपात्रता कोणत्या नियमाने ठरली, हा तिच्यामागील प्रश्न लहान नव्हता.

१९१७ साली महायुद्धाच्या गरजेपोटी १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडली गेली. १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. गरज असता पात्र आणि गरज सरता अपात्र, हा न्याय समाजाने या काळात पुरेपूर अनुभवला.

प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूस प्रवेश

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला निराळे वळण दिले. एकेका बंद दाराशी अर्ज करण्यापेक्षा दार कोणत्या नियमाने उघडावे हे ठरविण्यातच आपला वाटा असला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. पात्र ठरल्यानंतरही काय घडते याचा अनुभव त्यांनी १९१७ साली बडोद्यात घेतला होता. संस्थानची नोकरी मिळाली, परंतु राहावयास जागा मिळाली नाही. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी लष्कर, आरमार व पोलीस दलात प्रवेशाचा हक्क आणि सर्व मुलकी नोकऱ्यांत प्राधान्य मागितले. गोलमेज परिषदेपुढील निवेदनात नोकरभरती लोकसेवा आयोगामार्फत व्हावी आणि तीत सर्व समाजांना पुरेसे प्रतिनिधित्व मिळावे, अशी मागणी होती.

शासनाचे उत्तर ठरलेले असे. १९३४ च्या ठरावात मुसलमान व इतर अल्पसंख्यांकांसाठी नोकऱ्यांचे प्रमाण निश्चित झाले. दलित वर्गासाठी मात्र पुरेसे सुशिक्षित उमेदवार मिळणार नाहीत या कारणास्तव प्रमाण ठरविले गेले नाही. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि त्याच वर्षी त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. ऑगस्ट १९४३ च्या आदेशाने सरळ भरतीच्या ८.३३ टक्के जागा अनुसूचित जातींसाठी राखून ठेवण्यात आल्या. वयोमर्यादेत तीन वर्षांची सूट मिळाली आणि परीक्षा शुल्क एकचतुर्थांश झाले. १९४६ साली हे प्रमाण १२.५ टक्के करण्यात आले. येथे वयाची सूट आणि शुल्काची सूट यांकडे विशेष लक्ष द्यावे. ज्याचे शिक्षण दारिद्र्यामुळे उशिरा पुरे होते, त्याला वयाची अट ही गुणवत्तेची कसोटी नसून गरिबीची शिक्षा असते. नियमातील हा अन्याय ओळखून नियमातच दुरुस्ती करण्यात आली.

पुढे संविधानाच्या अनुच्छेद १६(४) व ३३५ ने हे तत्त्व स्थिर केले. तरीही ते आपोआप टिकले नाही. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयानंतर पदोन्नतीसाठीच्या पात्रता गुणांतील सवलत जुलै १९९७ मध्ये काढून घेण्यात आली होती. ती २००० साली ८२ व्या घटनादुरुस्तीने पुन्हा शक्य झाली.

धम्मदीक्षेनंतरची अपात्रता

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर पात्रतेचा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा सदस्य हिंदू असणे आवश्यक होते. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा नाही. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख ९० हजार बौद्धांची नोंद झाली. म्हणजे एवढा मोठा समाज केंद्राच्या दृष्टीने अनुसूचित जातीतून बाहेर गेला होता. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना राज्य शासनाने बौद्धांना सवलती दिल्या, परंतु त्या राज्यापुरत्या होत्या. परिणामी एकाच मुंबई शहरात राज्याच्या सचिवालयात जो तरुण राखीव जागेस पात्र, तोच रेल्वे किंवा टपाल खात्यात अपात्र, अशी स्थिती निर्माण झाली.

१९६४ साली पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम या नागपूरच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ज्याने बौद्ध धर्म स्वीकारल्याचे जाहीर केले तो हिंदू राहत नाही व राखीव जागेस पात्र ठरत नाही. कायद्याच्या शब्दांप्रमाणे हा निर्णय समजण्यासारखा होता. परंतु त्याचा सामाजिक परिणाम विपरीत झाला. ज्याने आपला धम्म उघडपणे सांगितला तो अपात्र, आणि ज्याने कागदावर जुनाच धर्म ठेवला तो पात्र. संघाच्या पृच्छेत सत्य सांगणाऱ्याला धीर दिला जाई. येथे सत्य सांगण्याची किंमत नोकरीने मोजावी लागत होती. अनेक घरांत मनाने बौद्ध व कागदावर हिंदू अशी जी दुभंग अवस्था दिसली, तिचा दोष केवळ त्या माणसांवर टाकणे योग्य नाही. नियमानेच त्यांना त्या कोंडीत आणले होते.

१९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान असताना, संसदेने आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला. धम्मदीक्षेपासून चौतीस वर्षांनी हे दार उघडले. तोवर एक संपूर्ण पिढी केंद्रीय सेवांच्या वयोमर्यादेपलीकडे गेली होती.

त्यानंतर तपासणीचे केंद्र दाखल्याच्या पडताळणीकडे सरकले. १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जात पडताळणी समित्यांची कार्यपद्धती घालून दिली आणि महाराष्ट्राने पुढे त्यासाठी २००१ चा अधिनियम क्रमांक २३ केला. जातीचा दाखला नाकारला गेल्यास अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. पडताळणी समितीच्या निर्णयाविरुद्ध मात्र उच्च न्यायालयातच जावे लागते. खोटे दाखले रोखणे हे आपल्या हिताचेच आहे. परंतु ज्याच्या आजोबांच्या काळी शाळाच नव्हती, त्याच्याकडे जुना शाळेचा कागद मागताना समितीने विवेक ठेवणेही तितकेच आवश्यक आहे.

वैद्यकीय मंडळापुढे

देहाच्या तपासणीचा इतिहासही याच दिशेने गेला आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी मजुराचे प्रकरण आले. एचआयव्हीचा संसर्ग आढळल्यावरून एका सार्वजनिक महामंडळाने त्याला कामातून वगळले होते. काम करण्यास जो समर्थ आहे आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याला केवळ या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. २०१७ च्या एचआयव्ही व एड्सविषयक कायद्याने हेच तत्त्व देशभर लागू केले.

इरा सिंघल यांचे उदाहरण सर्वपरिचित आहे. २०१० च्या नागरी सेवा परीक्षेत त्या यशस्वी झाल्या. परंतु मणक्याच्या विकारामुळे ढकलणे, ओढणे व उचलणे ही कामे जमणार नाहीत या कारणाने त्यांना महसूल सेवेतील नियुक्ती नाकारण्यात आली. त्यांनी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात दाद मागितली व निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढे २०१४ च्या परीक्षेत त्या देशात पहिल्या आल्या. नकाराच्या कारणाचा पदाच्या कामाशी खरोखर संबंध आहे काय, हा प्रश्न त्यांनी विचारला नसता तर तो शेराच अखेरचा ठरला असता. १९९५ च्या कायद्याने अपंगांना मिळालेले ३ टक्के आरक्षण २०१६ च्या कायद्याने ४ टक्के केले. त्यामागेही हाच विचार आहे.

केंद्रीय सेवांच्या वैद्यकीय नियमांत अपात्र ठरलेल्या उमेदवाराला कारण स्थूलमानाने कळविण्याची आणि अपिलाची तरतूद आहे. अपिलाची मुदत सेवेनुसार निराळी व पुष्कळदा अल्प असते. सर्वसाधारण नियमानुसार अपिलासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. पूर्वीच्या तपासणीत चूक झाली असण्याचा संभव त्यात नोंदवावा लागतो. तसेच मंडळाने उमेदवाराला अपात्र ठरविल्याची पूर्ण माहिती असताना आपण हे प्रमाणपत्र देत आहोत, असेही डॉक्टरांना लिहावे लागते. ही एक ओळ नसल्यास प्रमाणपत्र निरुपयोगी ठरते. श्रीमंत घरातील मुलाला ही गोष्ट सांगणारा कोणी ना कोणी असतो. खेड्यातून आलेल्या पहिल्या पिढीच्या पदवीधराला ती मुदत टळून गेल्यावर कळते.

अनुशासनेची गरज

म्हणूनच विनयातील अनुशासनेचा आज नव्याने विचार व्हावा. पृच्छेपूर्वी उमेदवाराला जाणत्या माणसाने एका बाजूला घेऊन समजावून द्यावे, ही व्यवस्था अडीच हजार वर्षांपूर्वी संघाने केली, कारण अज्ञानामुळे व संकोचामुळे पात्र मनुष्य अपात्र ठरू नये अशी तिची काळजी होती. हेच काम आज आपल्या विहारांनी करावे. अर्ज भरण्यापूर्वीच जाहिरातीतील वैद्यकीय परिशिष्ट वाचून दाखवावे. दृष्टी, श्रवण, रक्तदाब यांची तपासणी आधीच करवून घ्यावी, म्हणजे उपचाराने दूर होणारा दोष वेळीच दूर होईल. दाखल्यावर मूळ जात व बौद्ध धर्म यांची नोंद नियमाप्रमाणे आहे की नाही हे पाहावे. आजार लपवू नये. लपविलेली गोष्ट मागाहून उघडकीस आल्यास मिळालेली नोकरीही जाते. नकार आल्यास त्याचे कारण लेखी मागावे, तो कळल्याची तारीख जपून ठेवावी आणि मुदतीत अपील करावे. निवृत्त अधिकारी, डॉक्टर व वकील आपल्या समाजात आता आहेत. त्यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ या कामासाठी विहारात द्यावी.

वलंगकरांच्या अर्जाला तातडीने यश आले नाही. तरीही त्या अर्जाने एक पायंडा घालून दिला. शासन अपात्र म्हणाले तर मान खाली घालून परतावयाचे नाही. कोणत्या नियमाने, कोणत्या कारणाने आणि कोणाच्या सहीने, हे विचारावयाचे. लष्करभरतीचा प्रश्न, बौद्धांच्या सवलतींचा प्रश्न व वैद्यकीय अपात्रतेचा प्रश्न हे सर्व असेच सुटत गेले. नकाराच्या कागदाला कागदानेच उत्तर देणारा तरुण प्रत्येक विहारातून तयार झाला, तर आपल्या पूर्वजांनी केलेले अर्ज सार्थकी लागले असे म्हणता येईल.